हरेगाव : ऊस, चाळी आणि मतमाउली

गेल्या वेळी आपण आठवडे बाजारांबद्दल बोललो. आज आपल्याच श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावबद्दल बोलू. सप्टेंबर आला की आपल्या बहुतेक गटांच्या बैठकीत एक विषय निघतोच: यंदा मतमाउलीच्या यात्रेत कुणाचा ठेला, कुठे लावायचा, पीठ किती दळायचं. हरेगाव आपल्याला माहीत असतं ते यात्रेपुरतं. दोन दिवस गर्दी, मेणबत्त्या, पाळणे, एसटीच्या जादा गाड्या, की झालं. पण हे गाव असं कसं झालं, इथे एवढी माणसं कुठून आली, आणि मारियामातेचं देवस्थान नेमकं याच ठिकाणी का रुजलं, हे आम्ही मागच्या वर्षी गटागटांतून म्हाताऱ्या बायांना विचारत फिरलो, जुने कागद पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात देवापासून करत नाही. पाण्यापासून करतो, कारण हरेगावचा इतिहास पाण्याने बदलला.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली, तेव्हा इथे श्रीरामपूर नावाचं शहर नव्हतंच. प्रवरेकाठी बेलापूर होतं, म्हणून स्टेशनाला बेलापूरचं नाव पडलं. आजही श्रीरामपूरला उतरायचं तर तिकिटावर बेलापूरच येतं, आणि नवी सून पहिल्यांदा माहेराहून एकटी यायची असली की तिला हे आवर्जून सांगावं लागतं. या सगळ्या पट्ट्यात तेव्हा ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती. पाऊस आला तर आला. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि पुढे १८९६ ते १९०० या काळातले दुष्काळ नगर जिल्ह्याने फार सोसले. मग इंग्रज सरकारने अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरेवर धरण बांधायला घेतलं. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचे कालवे निघाले, आणि जिथे बाजरी हलायची तिथे ऊस उभा राहिला.

पण ऊस सगळ्यांच्या शेतात उभा राहिला नाही. पहिलं महायुद्ध संपता संपता सरकारने हरेगाव आणि आसपासच्या मिळून नऊ गावांतली सात हजार एकरांहून जास्त जमीन घेऊन ती बेलापूर कंपनी नावाच्या साखर कंपनीला दिली. शेतकऱ्यांचं सांगणं असं की ही जमीन तीस वर्षांच्या कराराने गेली होती, मुदत संपली की परत यायची होती. ती आली नाही. १९६१ साली महाराष्ट्रात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला, खासगी साखर कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या, आणि त्या कसायला १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं. म्हणजे कंपनी गेली आणि महामंडळ आलं, मूळ शेतकरी बाहेरच राहिला. ‘आकारी पडीक’ हा शब्द आपल्यापैकी पुष्कळजणींनी घरातल्या पुरुषांच्या तोंडी ऐकला असेल. तो याच जमिनींचा. आजोबांनी सुरू केलेला दावा नातवाने चालवला, अशी घरं या नऊ गावांत आहेत.

ही झाली जमिनीच्या मालकांची गोष्ट. ती निदान कागदावर आहे. दुसरी गोष्ट त्यांची, ज्यांच्या नावावर कुठेच काही नव्हतं.

कंपनीला माणसं लागत होती. लागण करायला, खुरपायला, पाणी धरायला, ऊस तोडायला, कारखान्यात चरकापाशी राबायला. गावोगावचे भूमिहीन, बहुतेक महार आणि मांग समाजाचे लोक, इथे आले. गावात येसकरकी करायची, वेठ-बिगार सोसायची, मेलेलं ढोर ओढायचं आणि वर शिव्या खायच्या, त्यापेक्षा कंपनीची रोजंदारी बरी वाटली. रोजंदारीचे पैसे हातात पडत होते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. कंपनीने चाळी बांधल्या, वाड्या वसवल्या. वेशीबाहेर राहणारी माणसं एका रांगेतल्या खोल्यांत राहू लागली. खोली मात्र कंपनीची. काम सुटलं की खोली सुटली.

बायका या कामात पहिल्यापासून होत्या. बेणं तोडणं, सरीत टाकणं, खुरपणी, पाचट वेचणं ही बाईची कामं. पण हजेरीच्या पुस्तकात नवऱ्याचं नाव वर आणि हिचं ‘अमक्याची बायको’ असं. आम्ही ज्या आजींशी बोललो त्यांतल्या एकीने सांगितलं की मुकादम तिला वीस वर्षं नवऱ्याच्याच नावाने हाक मारायचा, आणि नवरा वारल्यावरही तीच हाक चालू राहिली.

याच हरेगावात १६ डिसेंबर १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. मुंबई इलाख्यातल्या महार-मांग वतनदारांची परिषद इथे भरली आणि ते अध्यक्ष होते. वतन म्हणजे नाव मोठं आणि सोनाराने कान टोचल्यासारखी गत. जमिनीचा लहानसा तुकडा, आणि त्याच्या बदल्यात सरकारची नि गावाची अष्टौप्रहर चाकरी. त्यावर पुन्हा जुडी नावाचा कर. बाबासाहेब १९२८ पासून कायदेमंडळात हे वतन मोडायला झगडत होते. ते मोडलं १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेब गेल्यावर. परिषदेसाठी हरेगावच का, असं कुणी विचारलं तर आम्हाला वाटतं की उत्तर चाळींत आहे. वतनाच्या जाचातून सुटून आलेली एवढी माणसं एका जागी दुसरीकडे कुठे सापडली असती?

आता मारियामातेकडे येऊ.

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनरी येऊन तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरात काम सुरू केलं. सावित्रीबाई फुले ज्यांच्याकडे शिकवायचं प्रशिक्षण घ्यायला गेल्या त्या सिंथिया फरारबाई याच मिशनच्या. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई याच जिल्ह्यात राहिले, काही वर्षं आपल्या शेजारच्या राहुरीत. ही मंडळी प्रॉटेस्टंट. कॅथलिक फादर, म्हणजे येशूसंघाचे लोक, राहुरी तालुक्यातल्या केंदळ, वळण अशा गावांत पोचले आणि तिथून हळूहळू पसरले. त्यातले बरेच जर्मन भाषा बोलणारे होते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन फादरांना परत पाठवलं, तेव्हा गावोगावचं काम मराठी मास्तरांनी सांभाळलं. मास्तर म्हणजे शाळेत शिकवणारा, प्रार्थना घेणारा, अर्ज लिहून देणारा, आजारी माणसाला गाडीत घालून दवाखान्यात नेणारा. त्याच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. बाळंतपणात धावून जाणारी बहुतेक तीच.

लोक ख्रिस्ती का झाले, यावर दोन्ही बाजूंनी फार बोललं जातं. कुणी म्हणतं गव्हासाठी झाले, दुधाच्या पावडरीसाठी झाले. दुष्काळात पोटाला देणाऱ्याचं ऐकणं यात लाजण्यासारखं काय आहे, हे आम्हाला कधी कळलं नाही. पण नुसत्या धान्यासाठी आलेली माणसं तीन-चार पिढ्या टिकत नाहीत. आजी मंडळींनी सांगितलेलं कारण वेगळंच आहे: शाळेत पोराला आत बसवत होते. विहिरीवर कुणी हटकत नव्हतं. फादर घरात येऊन भाकर खात होते.

हरेगावच्या चर्चचं नाव संत तेरेजा चर्च. त्याला जोडून शाळा आणि बोर्डिंग आलं, सिस्टर आल्या. चाळीतल्या मुली पाटी घेऊन जाऊ लागल्या. आई-बाप ऊस तोडायला गेले तर पोर बोर्डिंगात राहायचं, त्यामुळे शाळा सुटत नव्हती. आज आपल्या गटांत हिशेब लिहिणाऱ्या, बँकेत न बिचकता बोलणाऱ्या साठी-पासष्टीच्या ज्या बाया आहेत, त्यांतल्या कितीतरीजणी अशाच बोर्डिंगात शिकल्या.

यात्रा सुरू झाली १९४९ साली. त्या वर्षाकडे जरा नीट बघा. देश नुकता स्वतंत्र झालेला, संविधान पुरं होत आलेलं. शेजारी लोणीला सहकारी साखर कारखान्याची जुळवाजुळव चालू होती, तो १९५० च्या अखेरीला सुरू झाला. शेतकरी कारखान्याचा मालक होतो आहे हे लोक पाहत होते. मजूर मात्र मजूरच होता. अशा वेळी ८ सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिवसाच्या सणाला, हरेगावच्या येशूसंघीय फादरांनी यात्रा भरवली. मुंबईत बांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची जत्रा याच दिवसांत भरते. ज्यांना मुंबईचं भाडं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी माउली आपल्या गावाजवळ आली, असं जुनी माणसं म्हणतात. २०२३ साली यात्रेचं पंच्याहत्तरावं वर्ष झालं. आता यात्रा आठ तारखेच्या जवळच्या शनिवार-रविवारी असते. त्याआधी नऊ दिवसांचा नोव्हेना, रोज जपमाळ आणि मिस्सा.

‘मतमाउली’ या शब्दातली माउली बघा. पंढरीच्या वाटेवर माणूस ज्ञानोबाला माउली म्हणतो, समोरून येणाऱ्या अनोळखी वारकऱ्यालाही माउली म्हणतो. आपल्या भागातला माणूस देवाला आई म्हणूनच ओळखतो, मग ती मोहट्याची असो, तुळजापूरची असो की हरेगावची. म्हणून यात्रेत नुसते ख्रिस्ती येत नाहीत. निळी टोपी घातलेले येतात, कपाळाला कुंकू लावलेल्या येतात. नवस बोलायची रीत तीच, फेडायची तीच, फक्त नारळाच्या जोडीला मेणबत्ती. लेकरू होऊ दे, दारू सुटू दे, कोर्टाचा निकाल लागू दे. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची आणि लोक कळो न कळो हात जोडून उभे राहायचे. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत होऊ लागली. पण मराठी भजन, पेटी आणि टाळ त्याआधीपासूनच होते. रात्रभर चाललेल्या भजनात बाया झोपलेलं पोर मांडीवर घेऊन बसतात, हे आजही बघायला मिळतं.

सप्टेंबरचा महिना या माणसांना सोयीचा होता, हेही लक्षात घ्या. खुरपणी उरकलेली, बाजरी कणसात आलेली, आणि ऊसतोडीला अजून महिना-दीड महिना अवकाश. एकदा कोयता हातात घेतला, आणि आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी मोजतात, की मग उन्हाळ्यापर्यंत भावाबहिणीची भेट नाही. मुंबईला गिरणीत गेलेला भाऊ, पुण्याला सफाईच्या कामावर लागलेला दीर, नाशिकला दिलेली लेक, सगळे यात्रेला येणार हे ठरलेलं. सोयरिकी इथे जुळल्या. भांडणं इथे मिटली, आणि खरं सांगायचं तर काही नवी लागलीही. दुसऱ्यांना दिवाळी किंवा गावची जत्रा असते, कारण त्यांना गाव असतं, गावात घर असतं. ज्यांची खोली कंपनीची होती त्यांना गाव म्हणून सांगायला हरेगावची यात्रा होती.

आता जे सांगतो ते जरा कान देऊन ऐका, कारण त्यात आपल्या गटांचं काम आहे.

यात्रा सुरू झाल्यावर वर्षभरातच, १० ऑगस्ट १९५० रोजी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबद्दलचा आदेश निघाला. त्यात असं ठरलं की हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचं मानायचं नाही. पुढे १९५६ मध्ये शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढा असं सुचवलं. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात.

कागदावर हे कोरडं वाटतं. घरात आणून बघा. १९५६ मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि हरेगावच्या चाळींत एकाच घरात दोन वाटा झाल्या. थोरला भाऊ ख्रिस्ती राहिला, धाकटा बौद्ध झाला. आज आमच्या एका गटात अशा चुलत बहिणी आहेत. आजी एक, आडनाव एक, चाळ एक. धाकटीला ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर उभं राहता येतं, महात्मा फुले महामंडळाकडून कर्ज मागता येतं, कुणी जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल करता येतो. थोरल्या घरच्या बहिणीला यातलं एकही नाही. शिवी मात्र दोघींना एकच मिळते. देणारा कुठे विचारतो की तू रविवारी कुठे जातेस?

म्हणून काही घरांत दोन नावं असतात, एक शाळेत आणि एक चर्चमध्ये. त्यावर बाहेरचे लोक टीका करतात. आम्ही ती घरं जवळून पाहिली आहेत आणि आम्हाला त्या टीकेत सामील व्हावंसं वाटत नाही. पोराची फी भरायची असते तेव्हा माणूस काय काय करतो ते टीका करणाऱ्याला ठाऊक नसतं. या दोन्ही बहिणी यात्रेत मात्र एकाच चुलीवर भाकरी थापतात. आमच्या ठेल्यावरचं पिठलं थोरलीचं आणि ठेचा धाकटीचा. गेल्या यात्रेत दुसऱ्या दिवशी दुपारीच पीठ संपलं होतं.

कारखाना पुढे बंद पडला. भोंगा थांबला. महामंडळाचंही काम आटत गेलं, आणि तीन पिढ्या राबलेल्या कामगारांची मागणी शेवटी राहायला दोन गुंठे जागा द्या इथवर आली. सात हजार एकरांच्या मळ्यातून दोन गुंठे. मळ्यातल्या चाळींची छपरं गळतात, दुरुस्ती करायची तर जागा आपली नाही. यात्रेला येणारे लोक त्या चाळींवरूनच जातात, पण गर्दीत त्या दिसत नाहीत.

आता कागदांचं. आम्ही फिरत होतो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सातबाऱ्यावर या माणसांचं नाव नाही, कारण जमीन नाही. घराचा उतारा नाही, कारण घर कंपनीचं. हजेरीची पुस्तकं कंपनीबरोबर गेली. पण चर्चच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वहीत, लेकराचं नाव असतं, बापाचं असतं, आणि आईचं असतं. आईचं स्वतःचं नाव. महाराष्ट्र सरकारने मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायची सक्ती केली ती १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. त्याच्या कितीतरी आधीपासून ही वही भरली जात होती. ज्या बाईला मुकादम नवऱ्याच्या नावाने हाक मारायचा तिचं नाव फक्त तिथे सापडू शकतं.

हे आम्ही कौतुकासाठी सांगत नाही. इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात आणि अनुसूचित जातीचा काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. शाळा सोडल्याचा जुना दाखला असला तर उत्तम. आजोबा शाळेतच गेले नसतील तर घराण्याची साखळी जुळवायला बाप्तिस्म्याचा उतारा, लग्नाचा उतारा, कंपनीच्या पगाराची चिठ्ठी, बोर्डिंगच्या फीची पावती, रेशनचं जुनं कार्ड, यातलं काहीही कामी येऊ शकतं. तहसीलमध्ये एकटं पुरत नाही, पण जोडीला लावता येतं. गेल्या पावसाळ्यात एका घरी ट्रंकेतले असे कागद वाळवी लागून गेले. ट्रंक जमिनीवर ठेवू नका, खाली विटा घाला, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळताना आधी ऊन द्या.

ज्यांच्या घरी चाळीतले फोटो, हजेरीची चिठ्ठी किंवा पहिल्या यात्रांतलं काही असेल त्यांनी ते यात्रेच्या शनिवारी आमच्या ठेल्यावर घेऊन या. मूळ कागद ठेवून घेणार नाही. मोबाईलवर फोटो काढून लगेच हातात परत देऊ. आजीला सोबत आणता आलं तर फार बरं होईल, कारण फोटोतली माणसं कोण हे तिलाच सांगता येईल. ठेला चर्चच्या फाटकातून बाहेर पडलं की उजव्या हाताला, पाळण्यांच्या अलीकडे असेल. बसायला सतरंजी टाकलेली असेल.